खोकं विकण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि फोटो मिळाले. फोटोंत बेसबॉल कार्डांनी भरलेलं एक बुटांचं खोकं, तसेच भरलेले दोन प्लास्टिकचे डबे आणि कोपऱ्यात तुझा अंगठा. खाली तू लिहिलंयस, हे विकू, ठेवू की टाकून देऊ? घर विकायला काढलंय, आई म्हणते महिनाअखेरीला तळघर रिकामं दिसलं पाहिजे, मित्र म्हणतो ग्रेडिंगला, म्हणजे कार्डांना गुण देणाऱ्या कंपनीकडे, पाठव, आणि तुला काहीच सुचत नाहीये. शिवाय पुठ्ठ्याच्या तुकड्यांपायी जीव एवढा कासावीस होतो याची तुला लाज वाटते. हे सगळं मराठीत लिहिलंस, ऱ्हस्वदीर्घाची फार नासधूस न करता, म्हणजे रविवारच्या मराठी शाळेत मी घसा कोरडा केला तो अगदीच वाया गेला नाही. उत्तरही मराठीतच देते. अडलं तर आईला विचार.

लाजेबद्दल मी काही बोलणार नाही. ती आपल्या दोघांनाही परवडणारी नाही. थेट मुद्द्यावर येते. त्या खोक्यात आहे काय? मी फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "बरीच आहेत, काही जुनी, काही माझी." हे उत्तर झालं? किती आहेत, कोणत्या साली निघालेली, कोणत्या कंपनीची, कोणत्या खेळाडूंची, तुझ्याकडे कुठून आली? काही पत्ता नाही, आणि निघालास विकू की ठेवू ठरवायला. आधी यादी कर. यादी पुरी होईपर्यंत विकण्याचा, ठेवण्याचा, टाकण्याचा, यातला एकही विषय माझ्यापाशी काढू नकोस.

तू म्हणशील, मावशीची ही जुनीच खोड. आहेच. जन्मभर टाउनशिपच्या असेसरच्या कचेरीत घरांचं मूल्यांकन केलं मी. माणसं दारातच अडवून विचारायची, "काय लावणार आमच्या घराला?" आम्ही उत्तर न देता टेप उघडायचो. भिंतींची लांबी, मजले, तळघर, न्हाणीघरं किती, छप्पर कधी बदललं. एवढं कागदावर उतरल्याशिवाय आकडा बोलायचाच नाही, ही आमची रीत. घराच्या बाबतीत हे कोणालाही पटतं. बेसबॉल कार्डांचं नाव निघालं की मात्र शहाणीसुरती माणसंसुद्धा फोनवर एक नाव टाइप करून किंमत बघतात आणि एकतर हुरळून जातात नाहीतर हिरमुसतात. तू एकाच संध्याकाळी दोन्ही केलेलं दिसतंय.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही ठाण्याहून क्वीन्सला आलो, १९७७ च्या उन्हाळ्यात. १३ जुलैच्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली, शेजारी घाबरले आणि आईने शांतपणे मेणबत्ती शोधली. आम्हाला काय त्याचं! आमच्या गल्लीवरचं खरं संकट आम्ही येण्याआधीच, जूनमध्ये कोसळलं होतं. मेट्स या क्वीन्सच्या बेसबॉल संघाने आपला लाडका पिचर टॉम सीव्हर सिनसिनाटीच्या रेड्स संघाला देऊन टाकला होता आणि अख्खी गल्ली सुतकात होती. सीव्हर कोण, मेट्स कोण, सुतक कशाचं, मला काही कळत नव्हतं. ते कळलं पुढच्या वसंतात, वीस सेंटच्या पाकिटातून.

टॉप्स कंपनीचा १९७८ चा संच ७२६ कार्डांचा होता. मेणकागदाच्या पाकिटात कार्डांची छोटी चळत आणि गुलाबी गमची एक चपटी पट्टी, साखरेच्या पिठीने पांढरी झालेली. वाकवायला गेलं की काटकन तुटायची. गमला लागून असलेल्या कार्डावर डाग पडायचा. त्या गममध्ये काय घातलेलं असेल याचा आईला दाट संशय, त्यामुळे माझा गम वरच्या मजल्यावरच्या मुलाला जायचा आणि बदल्यात तो मला त्याचं एखादं डबल आलेलं कार्ड द्यायचा. अमेरिकेतला माझा पहिला व्यवहार तो. कार्डाची मागची बाजू नारिंगी. तिच्यावर खेळाडूचं गाव, उंची, वजन, वर्षागणिक आकडे आणि एका बाजूला एक खेळ. दोघांनी आळीपाळीने कार्ड उलटायचं आणि लिहिलं असेल ते मैदानावर घडलं असं धरायचं. सिंगल, आउट, होमरन. इंग्रजी वाचायला मी त्या नारिंगी बाजूवरून शिकले. राज्यांची नावं आणि दशांश अपूर्णांकही तिथेच. शाळेतल्या बाईंना वाटायचं त्यांनी शिकवले.

इमारतीच्या पायऱ्यांपाशी आम्ही कार्डं भिंतीकडे भिरकवायचो. ज्याचं भिंतीच्या सगळ्यात जवळ पडेल त्याने सगळी घ्यायची. एकदा माझा पाय एका कार्डावर पडला आणि मी सवयीने ते उचलून कपाळाला लावलं. कागदाला पाय लागला की आपण करतोच. पोरं बघत राहिली. हे कशाला, असं एकाने विचारलं. मला सरस्वती काही इंग्रजीत सांगता येईना. मी म्हटलं, "लक." दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला प्रत्येक पोरगा फेकण्याआधी कार्ड कपाळाला लावायला लागला. सगळ्यांचंच लक सारखं झालं, त्यामुळे कोणाला उपयोग झाला नाही.

आणि यादी! त्या संचातली सहा कार्डं नुसत्या चेकलिस्टची होती. एकेका कार्डावर १२१ नावं आणि नावामागे बारीक चौकोन. कार्ड मिळालं की बॉलपेनने चौकोनात खूण करायची. अदलाबदलीला बसलं की समोरचा आपली चळत अंगठ्याने सरकवत जायचा आणि आपण म्हणत जायचं, "आहे, आहे, आहे, आहे, नाही!" त्या "नाही"ला आवाज आपोआप चढायचा. यादीशिवाय तो शब्द तोंडातून निघूच शकत नाही, कळतंय का? आपल्याकडे काय नाही हे कळायला काय आहे ते आधी लिहावं लागतं. आज बाजारात खुणा केलेल्या जुन्या चेकलिस्टला कोणी विचारत नाही, कोरी असेल तर भाव जास्त. म्हणजे ज्या पोराने यादी यादीसारखी वापरली, त्याने म्हणे ती बिघडवली. असल्या बाजाराच्या नादी लागून तू मला आधी किंमत विचारतोयस.

सीव्हर मला मिळाला, पण खाली "रेड्स" लिहिलेला. त्याच्या बदल्यात मेट्सकडे जे चौघे आले त्यांत एक डग फ्लिन होता, दुसऱ्या बेसवर खेळणारा. बॅट हातात घेतली की यथातथाच, पण चेंडू अडवण्यात इतका तरबेज की १९८० मध्ये त्याला गोल्ड ग्लव्ह मिळाला. वरच्या मजल्यावरच्या मुलाने मला फ्लिन दिला आणि माझ्याकडचा एक सीव्हर नेला. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. माझ्याकडे सीव्हर दोन होते आणि यादीत फ्लिनचा चौकोन रिकामा होता, हे कोणी विचारात घेईना. मी अजून सांगते, तो सौदा बरोबर होता. बाजाराच्या भाषेत फ्लिन हा "कॉमन", म्हणजे ज्याला कोणी खास मागत नाही असा. पण संघ फक्त स्टारांनी उभा राहत नाही आणि संचही नाही. ७२६ मधली सहाशेवर कार्डं कॉमनच होती.

आईकडची स्टीलची भांडी आठव. वाटीच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं, कोणाकडून, कशाप्रीत्यर्थ, तारीख. वाटीची किंमत ती काय! पण मोडीत काढायची वेळ आली की त्या ठिपक्यांपाशी हात अडतो. कार्डाचं तसंच आहे. कार्डावर काही लिहायला जाऊ नकोस, पण यादीत शेवटचा रकाना ठेव, "कोणाकडून" असा. माझ्या पहिल्या यादीत तो नव्हता. ७२६ नावं आहेत, त्या मुलाचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं बिऱ्हाड दुसरीकडे गेलं. पहिलं नाव मला ठाऊक आहे, आडनाव विचारायचं कधी सुचलंच नाही. डग फ्लिनचा जन्म केंटकीतल्या लेक्सिंग्टनचा, हे मी झोपेतही सांगेन. माझ्याबरोबर रोज पायऱ्यांवर बसणारा मुलगा मूळचा कुठला, ते नाही सांगता येत. तू असलं काही मागे ठेवू नकोस. तुझ्या डब्यातली निम्मी कार्डं तुझ्या बाबांनी गराज सेलमधून आणलेली आहेत, हे तूच मला शाळेत सांगितलं होतंस. कोणत्या गावच्या सेलमधून? बाबा आहेत तोवर विचारून घे आणि लिही.

बरं, आता किंमतीचं. ते सांगितल्याशिवाय तू या पत्राचं पुढचं पान उलटणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

जुनी कार्डं महाग का झाली? आयांनी टाकून दिली म्हणून. टॉप्सचा १९५२ चा संच घे. साय बर्गर नावाच्या माणसाने ब्रुकलिनमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याची मांडणी केली. त्यातली शेवटची मालिका बाजारात उशिरा आली, तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं. माल पडून राहिला. वर्षानुवर्षं गोदाम अडवून बसला म्हणून बर्गरनेच १९६० मध्ये तो पडावात भरून अटलांटिक महासागरात बुडवला. त्याच मालिकेत ३११ क्रमांकाचा मिकी मँटल होता, यँकीज संघाचा मोठा स्टार. जी विकली गेली ती कार्डं पोरांनी सायकलच्या आरांत अडकवली, रबरबँडने आवळली, आणि पोरं कॉलेजला गेल्यावर आयांनी झाडून काढली. उरली ती थोडी. १९९१ मध्ये आपल्या न्यू जर्सीतल्याच एका गृहस्थाने त्यातला एक मँटल ५० हजार डॉलरला घेतला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. गंमत म्हणजे त्या मालिकेत मँटल दुर्मीळ नव्हताच. छपाईच्या तावावर तो दोनदा होता. त्याच्याहून कमी छापलेले त्याच्या शेजारी होते, पण त्यांचं नाव मँटल नव्हतं.

ज्यांची कार्डं आयांनी टाकली ती मुलं चाळिशीला आली, हातात पैसा आला, आणि त्यांना आपलं लहानपण परत विकत घ्यावंसं वाटू लागलं. संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जेम्स बेकेट यांनी १९८४ मध्ये भावांचं मासिक सुरू केलं. आता दहा वर्षांचं पोरही दर महिन्याला आपल्या खोक्याची किंमत काढायला लागलं. १९८१ पासून टॉप्सबरोबर फ्लीअर आणि डॉनरस आले होते, १९८९ मध्ये अपर डेक आली, पहिल्याच क्रमांकावर केन ग्रिफी ज्युनियर हा नवा खेळाडू घेऊन. सगळ्यांना वाटलं, जपून ठेवलं की महाग होतं. मग सगळ्यांनीच जपलं. कंपन्यांनी मागणीप्रमाणे छापलं, म्हणजे भरमसाट. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, आणि त्या फुग्यात उरलेली हवाही गेली. त्या काळातल्या मालाला आज धंद्यातली माणसं "जंक वॅक्स", म्हणजे मेणकागदातला कचरा, म्हणतात. तुझ्या दुसऱ्या फोटोत लाकडाच्या रेघांची चौकट दिसते, तो १९८७ चा टॉप्स. लाल चौकटीचा १९९० चा डॉनरस. पिवळाजर्द १९९१ चा फ्लीअर. बाबांची खरेदी सगळी त्यातली. घराचं डाउन पेमेंट त्यातून निघणार नाही. पिझ्झा येईल बहुतेक.

तुझी स्वतःची, २००७ ते २०१२ मधली, ती वेगळी गोष्ट आहे. तू २०११ च्या टॉप्स अपडेटमधला यूएस१७५ क्रमांकाचा माइक ट्राउट, पुढे मोठा स्टार झालेला, शोधणार आहेस, मला ठाऊक आहे. शोध, माझं काही म्हणणं नाही. पण एकट्या ट्राउटसाठी डबा उपसलास की बाकीची सगळी "ट्राउट नसलेली" कार्डं होऊन बसतात आणि मग ती कचऱ्यात टाकायला पाच मिनिटं पुरतात. एकेक काढ, लिही, खाली ठेव. त्या ओघात ट्राउट निघाला तर निघाला.

मित्र म्हणतो ग्रेडिंगला पाठव. तुझा मित्र सज्जन असेल. पण साध्या कार्डाच्या ग्रेडिंगची फी कार्डाच्या किंमतीहून जास्त असते, हे त्याने सांगितलं का? एक ते दहात गुण देऊन कार्ड प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतात, त्याला स्लॅब म्हणतात. कोरोनाच्या काळात लोक घरी बसून कपाटं उपसू लागले आणि ग्रेडिंग करणाऱ्या पीएसए कंपनीकडे एवढे ढीग आले की २०२१ च्या मार्चअखेर तिने बहुतेक नवी कामं घेणंच थांबवलं. त्याच मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये टार्गेटच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, एकाने पिस्तूल काढलं आणि टार्गेटने काही काळ दुकानांत कार्डं ठेवणं बंद केलं. पुठ्ठ्यासाठी पिस्तूल! आणि ग्रेडिंगचा पाया किती भक्कम म्हणशील तर पीएसएने १९९१ मध्ये पहिलंच जे कार्ड तपासलं, तो होनस वॅगनर, शंभरेक वर्षांपूर्वीचा बेसबॉल खेळाडू. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलेला. त्याला दहापैकी आठ गुण दिले. त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, असं लिलावाच्या धंद्यातल्या एका बड्या असामीने २०१३ मध्ये कोर्टापुढे कबूल केलं. मी ग्रेडिंगच्या विरुद्ध नाही. मँटल असेल तर जरूर पाठव. पण गुण देणारा दुसरा आणि यादी करणारा आपण, हा क्रम उलटा करू नकोस.

आता तुला एका माणसाबद्दल सांगते. त्याच्याबद्दल आधीच सांगायला हवं होतं, पण मँटलचं निघालं की माझं असंच होतं.

जेफरसन बर्डिक, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे. विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात साधे कामगार. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. लग्न नाही, पैसा नाही. सिगारेटच्या पाकिटांतली, खाऊच्या पुड्यांतली, जाहिरातीची, शुभेच्छांची, मिळतील ती छापील कार्डं त्यांनी जमवली, तीन लाखांच्या वर. त्यात बेसबॉलची तीस हजारांहून अधिक. जमवणारे पुष्कळ असतात. बर्डिकनी त्यांची यादी केली. १९३९ मध्ये पहिला कॅटलॉग छापला. विसाव्या शतकातल्या तंबाखूवाल्या कार्डांना टी, एकोणिसाव्यातल्यांना एन, सुरुवातीच्या मिठाईवाल्यांना ई, असे क्रमांक दिले. वॅगनरचं ते जगप्रसिद्ध कार्ड ज्या संचातलं, त्याला आजही सगळं जग टी२०६ म्हणतं. लिलावात लाखो डॉलरची बोली लावणारे शेठ रोज बर्डिकचा क्रमांक उच्चारतात, हे त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गावीही नसेल.

बर्डिकनी १९४७ पासून हा सगळा साठा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. म्युझियमची अट एवढीच, की लावून तुम्हीच द्यायचा. शेवटी १९५९ मध्ये ते न्यूयॉर्कलाच राहायला गेले आणि म्युझियमच्या खोलीत बसून त्या वाकड्या बोटांनी कार्डं आल्बममध्ये चिकटवत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरं झालं आणि मार्चमध्ये ते गेले. चिकटवत राहिले म्हटलं मी, वाचलंस ना? डिंकाने! आजचा कार्डवाला हे ऐकून छातीला हात लावतो, कारण मागे डिंक लागला की बाजारात त्या कार्डाचं मातेरं. बर्डिकना त्याची फिकीर नव्हती, त्यांना विकायचं नव्हतं. त्यांतली काही कार्डं म्युझियम आलटून पालटून भिंतीवर लावतं. जाऊन बघ. तुझ्या त्या मित्रालाही ने.

आमच्या घरात या माणसाचं नाव काढायला मला बंदी आहे. यांचं म्हणणं, तुझा तो बर्डिक एकटा होता, त्याला तळघरात वॉशिंग मशीन ठेवायचं नव्हतं. मुलाला यातलं काहीच नको आहे. त्याने तोंडावर सांगितलं, आणि मी त्याला दोष देत नाही. लहान असताना मीच त्याला कार्डांना हात लावू द्यायची नाही, आधी हात धू, मग पूस, मग कडेने धर. त्याने कडेनेही धरायचं सोडून दिलं. ती रुखरुख आहे. पण यादी केली त्याची नाही.

सप्टेंबर २०२१ ची पहिली रात्र तुला आठवत असेल. इडा वादळाचा पाऊस. तुमच्याकडेही पाणी शिरलं होतं, आमच्याकडे तळघराच्या चौथ्या पायरीपर्यंत. सकाळी बघितलं तर खालच्या फळीवरचे डबे पाण्यात, आणि आतल्या कार्डांची वीट झालेली. वेगळी करायला गेलं की चेहरे सोलून निघत होते. १९७८ चा संच त्यातच होता. यादी वरच्या मजल्यावर, कपाटात. यांनी विचारलं, नसलेल्या वस्तूंची यादी घेऊन आता काय करणार? तेव्हा मी काही बोलले नाही. तुला सांगते. विमेवाल्याला पहिल्या दिवशी काय गेलं ते सांगता आलं, हा एक फायदा, पण तो सोड. शेजारच्या घरी बाई रडत होत्या की आमचं सगळं गेलं, सगळं गेलं. "सगळं" म्हणजे काय ते त्यांना सांगता येत नव्हतं, आणि त्याने त्यांचं रडणं थांबत नव्हतं. मला माझं नेमकं काय गेलं ते नावानिशी ठाऊक होतं. नंतर मी कार्ड शोमध्ये ती यादी घेऊन जाऊ लागले. तिथे टेबलांखाली कॉमन कार्डांचे लांबच लांब पुठ्ठ्याचे डबे असतात, चिल्लरीच्या भावात. मी गुडघे दुखेस्तोवर वाकून शोधते. "आहे, आहे, नाही." परत मिळालेल्याला हिरवी खूण, पहिल्यांना निळी. फ्लिन मिळाला. त्याच्या पुढे दोन्ही खुणा आहेत. हा तोच फ्लिन नाही, हे मला चांगलं कळतं, उगाच शहाणपणा शिकवू नकोस. कोणी याला वेड म्हणतं, तर म्हणो. यादी नसती तर मला ते वेडसुद्धा धड करता आलं नसतं.

तर आता काम. एक लांब वही घे किंवा तुझ्या कॉम्प्युटरवर कर, मला चालेल. रकाने: साल, कंपनी, क्रमांक, नाव, संघ, दोष, कोणाकडून. साल ओळखताना पुष्कळ जण फसतात. कार्डाच्या मागे आकड्यांची शेवटची ओळ ज्या वर्षाची असते, त्याच्या पुढच्या वर्षी ते कार्ड निघालेलं असतं, बहुतेक वेळा. मागच्या ओळीत १९८६ असेल तर कार्ड १९८७ चं. दोष प्रामाणिकपणे लिही. कोपरा दुमडलेला, कड घासलेली, मेणाचा डाग. "बरं आहे" असं लिहू नकोस, तो काही दोष नाही. डबल असतील तर पुन्हा सगळं लिहीत बसू नकोस, पुढे आकडा टाक. आणि दमलास की त्या रात्रीपुरतं थांब. अर्धवट यादी चालते, अंदाजपंचे यादी चालत नाही.

आईचं महिनाअखेरचं काय, तर डबे आमच्याकडे आणून ठेव. आता आमची सगळी फडताळं वरच्या मजल्यावर आहेत. हे कुरकुरतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. यादी झाली की मग विकायचं असेल ते वीक, मी स्वतः तुला कार्ड शोमधल्या दोन सरळ माणसांकडे नेईन. ठेवायचं असेल ते ठेव. टाकायचं म्हणालास तरी मी अडवणार नाही, पण कोणतं टाकलंस ते त्या ओळीपुढे लिहून टाक.

आई-बाबांना नमस्कार. बाबांना गराज सेलचं नक्की विचार.

तुझी,
मावशी

ता. क. पहिल्या फोटोत एका गठ्ठ्याला रबरबँड दिसतोय. तो ओढून काढू नकोस, जुनं रबर विरघळून कार्डाला चिकटलेलं असतं. कात्रीने काप, आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू दे, मी बघते. "दोष"च्या रकान्यात "रबर" लिही. ऱ्हस्वदीर्घ बघून.